उडतं विमान आणि आजींची पक्कड

आज आम्ही लोणच्याचं प्रमाण सांगायला किंवा कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलायला आलेलो नाही. आज विमानांबद्दल बोलायचंय. तेही लढाईतल्या जुन्या विमानांबद्दल. रेडिओ बंद करू नका. बचत गटाच्या बायकांचा आणि लढाऊ विमानांचा काय संबंध, असं आम्हालाही डिसेंबरातल्या एका दुपारपर्यंत वाटत होतं.

डिसेंबरात आमच्या पाच गटांची मिळून गोव्याला सहल गेली. आंबोली घाट उतरून खाली, मंगेशी, शांतादुर्गा, मग समुद्र, असा नेहमीचा बेत. बसच्या ड्रायव्हरनं परतीच्या दिवशी विचारलं, "बोगमाळोला नौदलाचं विमानांचं म्युझियम आहे, वाटेवरच. बघायचं का?" निम्म्या बायका म्हणाल्या, काजू घ्यायचे राहिलेत. पण बरोबर चार पोरं होती, त्यांनी गलका केला आणि आम्ही दाबोळी विमानतळाच्या पलीकडं त्या म्युझियमच्या दारात उतरलो.

हे संग्रहालय 1998 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. बरीचशी विमानं बाहेर, उघड्या आवारात उभी आहेत. 1971 च्या युद्धात विक्रांत या जहाजावरून उडालेल्या सी हॉक जातीचं विमान तिथं आहे, अलीझे आहे, पुढच्या काळातलं जागच्या जागी उभं राहू शकणारं सी हॅरियर आहे. पोरं त्यांच्यामागं पळाली. आम्ही बायका मात्र सगळ्यात मोठ्या विमानाच्या सावलीला गेलो. सावली मोठी, म्हणून. लांबी पस्तीस मीटरच्या आसपास, चार इंजिनं, आणि शेपटीला एक नाही, दोन नाही, तीन उभे पंख. सुपर कॉन्स्टेलेशन त्याचं नाव.

आमच्या गटात एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. नाव सांगायला त्यांनी नको म्हटलंय, म्हणून आजीच म्हणू. त्या सावलीत बसल्या नाहीत. विमानाच्या चाकापाशी गेल्या, पदर सावरून वाकल्या आणि वरच्या बोल्टांकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ही वेणी बघा गं."

आम्ही बघितलं. दोन बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवलेली, आणि मधल्या भागात ती तार पीळ देऊन एकसारखी गुंफलेली. शाळेतल्या पोरीची घट्ट वेणी असावी तशी.

"ह्याला लॉकवायर म्हणत्यात," आजी म्हणाल्या. "इंजिन थरथरलं की बोल्ट ढिला हुतो. म्हणून त्येच्या डोक्याला भोक पाडून तार ओवायची आन् शेजारच्याला बांधायची. एकानं सुटायला बघितलं की दुसरा त्येला आवळतो. तारंचा पीळ उलटा पडला तर मात्र समदं वाया." मग म्हणाल्या, "आमचे हे लोहगावला हुते. ह्याच विमानांवर."

मैत्रिणींनो, आजी आमच्या गटात नऊ वर्षं आहेत. दर महिन्याला शंभर रुपये भरतात, सही करतात, घरी जातात. त्यांचे यजमान हवाई दलात फिटर होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. ते निवृत्त होऊन कोल्हापूरला आले आणि पुढं उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये कामाला राहिले, एवढंच आम्ही ऐकून होतो.

त्या विमानाची गोष्ट आम्ही नंतर शोधून काढली, ती आधी सांगतो. ही सुपर कॉन्स्टेलेशन विमानं मुळात लढाईची नव्हेतच. एअर इंडियानं 1954 पासून ती परदेशी प्रवासासाठी घेतली, आणि त्यांना राण्यांची नावं दिली. त्यात एक झाशीची राणीही होती. जेट विमानं आल्यावर या राण्या मागं पडल्या. मग त्यातली काही हवाई दलाकडं गेली आणि पुण्याच्या लोहगावहून 6 नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर समुद्रावर पाळत ठेवू लागली. 1976 साली ते काम नौदलाकडं आलं तेव्हा त्यांच्यासह विमानंही गोव्याला गेली. म्हणजे एकाच बाईनं तीन घरं बघितली म्हणायची, आणि तिन्ही ठिकाणी राबली. आजींचे यजमान मधल्या घरचे.

तिथल्या रखवालदाराला आजींनी विचारलं, "हे अजून उडतंय का?"

तो हसला. "आजी, ह्याची इंजिनं कधीचीच थांबली."

"मग उडणारं कुठं हाय?"

त्याला उत्तर देता आलं नाही. आम्हालाही नाही. बसमध्ये बसल्यावर आजी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांच्या वह्या असत्या तर त्यात समदं हुतं. कुठला बोल्ट, किती जाडीची तार. पण त्या गेल्या भंगारात."

आणि इथं आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन वर्षांमागं दिवाळीच्या आधी आम्हीच गटांत ठराव केला होता, घरातली अडगळ काढा, भंगार विका, आणि जे येईल ते बचतीत भरा. आम्हीच काटा घेऊन घरोघरी फिरलो. आजींच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी आम्हीच खाली उतरवली. पाने, घासण्या, कसल्या कसल्या आकाराची हत्यारं, तळाला निळ्या शाईनं लिहिलेल्या पाच वह्या. हत्यारं लोखंडात गेली, वह्या रद्दीत. आजींच्या खात्यावर 340 रुपये जमा झाले आणि आम्ही त्यांना टाळ्या वाजवल्या. आजी काही बोलल्या नव्हत्या. सुनेचा माळा मोकळा होत होता, समाजकार्य करणाऱ्या बाया दारात उभ्या होत्या, बोलणार काय?

ते 340 रुपये आम्हाला आंबोली घाट चढताना फार जड झाले.

परत आल्यावर आम्ही ठरवलं, निदान आजींच्या प्रश्नाचं उत्तर तरी शोधायचं. उडणारं कुठं आहे? वाचनालय, कुणाचा भाचा, कुणाचा इंजिनिअर जावई, सगळ्यांना कामाला लावलं.

उत्तर असं. आहेत. आपल्याच देशात आहेत. दिल्लीजवळ हिंडनच्या तळावर हवाई दलाची एक छोटी तुकडी आहे, तिला व्हिंटेज फ्लाइट म्हणतात. तिच्याकडं टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि 2018 पासून डाकोटा आहे.

डाकोटा हे नाव आपल्या आज्यांनी ऐकलेलं असतं. दोन इंजिनांचं, शेपटीकडं टेकून बसणारं, मालवाहू विमान. याच्या मूळ जातीनं 1935 च्या डिसेंबरात पहिली भरारी घेतली, आणि पुढं महायुद्धात त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. 27 ऑक्टोबर 1947 ला काश्मीर वाचवायला शीख पलटणीचे पहिले जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डाकोटातून. लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्यांचे नायक, ते उतरले त्याच दिवशी तिथं कामी आले. 1948 च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहसारख्या उंच जागी, जिथं धड धावपट्टीही नव्हती, तिथं डाकोटा उतरवलं. 1971 च्या डिसेंबरात बांगलादेशात टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले, त्यातही डाकोटा होती. 2022 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात एक डाकोटा दोन डॉर्नियर विमानांना बरोबर घेऊन उडालं, त्या रचनेला टांगाइलचंच नाव दिलं होतं. चपात्या लाटता लाटता आपण ते टीव्हीवर बघितलंही असेल आणि 'काय जुनाट विमान' म्हणून पुढची चपाती तव्यावर टाकली असेल.

हे डाकोटा आलं कसं? राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. मुलानं 2011 साली इंग्लंडमध्ये भंगाराच्या वाटेवर असलेलं एक डाकोटा विकत घेतलं, कोव्हेंट्रीला ते दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट देऊ केलं. पहिल्यांदा ते नाकारलं गेलं. पुढं गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ते स्वीकारायचं ठरलं. आणि मग हे विमान बोटीवर घालून नाही आणलं, उडवत आणलं. 17 एप्रिल 2018 ला निघालं, फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असं थांबत थांबत 25 तारखेला जामनगरला पोचलं. 4 मे रोजी रीतसर हवाई दलात दाखल झालं. नाव ठेवलं परशुराम. त्याच्या अंगावर व्हीपी 905 हा नंबर आहे, तो श्रीनगरला गेलेल्या पहिल्या डाकोटाचा. विमान ते नव्हे, नंबर तेवढा त्याचा. आमच्या गटातल्या एकीनं लगेच म्हटलं, "म्हणजे आज्याचं नाव नातवाला." अगदी तसंच.

आजींना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "तार कोण बांधतंय?"

हा प्रश्न आम्हाला तेव्हा फार मोठा वाटला नाही. नंतर वाटला. कारण जुनं विमान उभं करून ठेवणं आणि उडतं ठेवणं यात जो फरक आहे, तो सगळा या प्रश्नात आहे. उभ्या विमानाला रंग लागतो, छप्पर लागतं आणि पाटी लागते. समुद्राकाठी छप्पर नसेल तर खारा वारा त्याला आतून खातो, आपल्या पत्र्याच्या डब्याला खातो तसाच. उडत्या विमानाला माणसं लागतात. डाकोटाच्या एकेका इंजिनात चौदा सिलिंडर असतात, गोल पाकळ्यांसारखे मांडलेले. विमान नुसतं उभं राहिलं तर तेल हळूहळू खालच्या सिलिंडरांत उतरून साठतं. तसंच चालू केलं तर आतला दांडा वाकतो, इंजिन जातं. म्हणून चालू करायच्या आधी पंखा फिरवून बघावा लागतो, कुठं अडतंय का. हे पुस्तकात लिहिलेलं असतंच, पण कुठं किती अडलं म्हणजे थांबायचं, हे हातालाच कळतं. आपण पीठ मळताना पाणी बंद कधी करायचं ते जसं सांगता येत नाही तसं.

आपल्या कोल्हापूरला हे नवीन नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते. लहानपणापासून आपण ती बघतोय. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी, आणि अजून स्वतःच्या चाकांवर येते, ट्रकवर घालून आणत नाहीत. ती आली की बाया पोरांना उचलून दाखवतात. तीच गाडी काचेच्या पेटीत ठेवली असती तर एवढी गर्दी झाली असती का? आम्हाला नाही वाटत. आणि तिला चालती ठेवणारे मिस्त्री याच मातीतले. विमानतळही आपल्याकडं 1939 पासून आहे, राजाराम महाराजांच्याच काळातला, हेही पोरांना सांगत जा.

आता एक गोष्ट ऐका, आम्हाला ती सगळ्यात आवडली. महायुद्ध संपल्यावर इंग्रज कानपूरला आपली लिबरेटर नावाची मोठी बॉम्बफेकी विमानं टाकून गेले. नुसती टाकली नाहीत, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मोडतोड करून टाकली. भंगारच ते. 1948 च्या सुमाराला बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी त्या ढिगातून एकाचं चाक, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचा पंख असं जुळवत चाळीसच्या आसपास विमानं उडती केली. जमशेद मुन्शी नावाचे त्यांचे वैमानिक, ती एकेक करून बंगळूरला उडवत नेत. ती विमानं पुढं आपल्या हवाई दलात आली, पुण्याहूनही उडाली, आणि थेट 1968 पर्यंत कामावर होती. तोवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, जिथं अशी हजारो होती, तिथं जवळजवळ सगळी वितळवून झाली होती. त्यांना संग्रहालयात ठेवायला हवं झालं तेव्हा कुणाकडं हात पसरला? आपल्याकडं. इंग्लंडला, कॅनडाला, अमेरिकेला आपली लिबरेटर गेली. अमेरिकेत एका संस्थेनं त्यातलंच एक पुन्हा दुरुस्त करून 1989 पासून उडवलं. ज्याला मोडून टाकलं होतं ते आपल्या मिस्त्र्यांनी जिवंत केलं म्हणून जगाला ते बघायला मिळालं. जुगाड म्हणून हसतात ना, हसू द्या.

आता शिवणकामाच्या मैत्रिणींसाठी. टायगर मॉथ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान, 1931 सालचं. त्याचे पंख लाकडी फासळ्यांचे, आणि त्यांवर कापड! हो, कापड. लिननचं कापड अंगरख्यासारखं चढवायचं, मग लांब सुईनं वरून खाली, खालून वर, प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर टाका घालून गाठ मारायची. वरून डोप नावाचं लुकण द्यायचं. त्याला नेलपेंटसारखा वास येतो. ते वाळलं की कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणलं जातं. महायुद्धांच्या काळात विमानांच्या कारखान्यांत हे काम करायला बायकाच होत्या. एक गाठ चुकली तर वाऱ्यानं कापड फासळीपासून सुटतं. आमच्या शिवणकामाच्या गटातली एक म्हणाली, "गादीला टाके घालतो तसंच की." तसंच, फक्त या गादीवर माणूस दोन हजार फुटांवर बसलेला असतो.

बायकांनी ती शिवलीच, उडवलीही. इंग्लंडमध्ये महायुद्धात कारखान्यातून तयार विमानं तळावर पोचवायला एक संघ होता, त्यात 168 बायका वैमानिक होत्या. स्पिटफायर काय, मोठी बॉम्बफेकी काय, कालपर्यंत न बघितलेलं विमानही आज पुस्तिका वाचून उडवायचं. 1943 साली त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. आपल्या मजुरीच्या बैठकीत हे साल लक्षात ठेवा. त्यात तीन पोलिश बायका होत्या, आना लेस्का, यादविगा पिल्सुडस्का आणि स्टेफानिया वोइतुलानिस. पोलिश म्हटल्यावर वळिवड्याच्या बायकांचे कान टवकारले असतील. त्याच 1943 साली आपल्या वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. एकाच देशाच्या लेकी, एकीकडं विमान उडवत होत्या आणि दुसरीकडं पंचगंगेकाठी दिवस काढत होत्या. आणि इकडं सरला ठकराल यांनी 1936 सालीच, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून विमान उडवायचा परवाना मिळवला होता, हेही सांगून ठेवतो.

एवढं सगळं कौतुकानं गटाच्या बैठकीत सांगितलं, तर भांडण झालं. होणारच. आमची एक मैत्रीण, तिचं शेत पुरात दोनदा गेलंय, ती उठून म्हणाली, "विमान जुनं असू दे न्हाईतर नवं, मेलेल्या यंत्रावर पैसा घालण्यापरीस आमच्या गावाला सांच्याची एक एसटी सोडा म्हणावं." दुसरी म्हणाली, "लढाईची हत्यारं कशापायी जपायची? आमचा भाऊ गेला लढाईत. त्येचं काय जपलं?" आमच्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरात वर्दी आहे. हा प्रश्न आमच्याकडं कुणी सहज विचारत नाही. बैठक थोडा वेळ गप्प झाली.

आणि उडवण्याची किंमत नुसती पैशाची नसते. ज्या अमेरिकन संस्थेनं आपलं लिबरेटर उडवलं, तिचंच दुसरं एक जुनं बॉम्बफेकी विमान 2 ऑक्टोबर 2019 ला प्रवाशांना घेऊन उडालं आणि काही मिनिटांत पडलं. सात माणसं गेली. चौकशीत देखभालीतली ढिलाई पुढं आली, आणि प्रवासी बसवायची त्यांची परवानगी काढून घेतली गेली. इंग्लंडमध्ये तर हवाई दलाचीच तुकडी आहे, 1957 पासूनची, तिथं शिस्तीला काय कमी असणार? तरी 2024 च्या मे महिन्यात तिचं स्पिटफायर पडून एक वैमानिक गेला. जुन्या आठवणीसाठी तरणा माणूस जावा का, याचं उत्तर आमच्याकडं सोपं नाही.

उलट बाजूही बघा. विक्रांत, ज्याच्यावरून ती सी हॉक उडाली, ते जहाज 1997 साली निवृत्त झालं. मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभं होतं. मग खर्च झेपेना, दुरुस्ती झेपेना, 2014 साली लिलावात गेलं आणि तोडलं. त्याच्या लोखंडातून मोटारसायकल निघाली, आमच्या गावातही दोघांनी घेतली. टाकीवर अभिमानानं हात फिरवतात. पण टाकीवर हात फिरवून पोराला विक्रांत किती मोठं होतं ते कळत नाही. 2025 च्या सप्टेंबरात मिग 21 निवृत्त झालं. त्यातली कितीतरी आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनलेली. आता गावोगावच्या चौकांत ती खांबावर चढतील, ऊन-पाऊस खातील. चौथऱ्याच्या उद्घाटनाला गर्दी होईल, दुसऱ्या वर्षी पंखावर कबुतरं.

आमचं मत विचाराल तर असं आहे, आणि बैठकीत ते सगळ्यांना पटलेलं नाही. सगळी उडवायची गरज नाही. दोन-तीनच उडवावीत, हवाई दलानं स्वतः, पगारी आणि शिकलेल्या माणसांच्या हातून, गर्दीपासून लांब, आणि हौशी प्रवासी बसवून नव्हे. बाकीच्यांना आधी छप्पर द्यावं, मग रंग द्यावा. आणि विमानाबरोबर माणूसही जपावा. वैमानिकाचं नाव पाटीवर असतं. तार बांधणाऱ्याचं कुठंच नसतं. ऑस्ट्रेलियात काही स्वयंसेवकांनी अमेरिकेच्या वाळवंटात पडलेलं आजींच्या विमानाच्याच जातीचं एक विमान वर्षानुवर्षं सुट्ट्या घालवून दुरुस्त केलं आणि 1996 साली महासागर ओलांडून घरी उडवत नेलं. त्यांना ते जमलं, कारण त्या इंजिनांवर हात चाललेली म्हातारी माणसं तेव्हा हयात होती आणि कुणीतरी त्यांना विचारलं होतं.

आम्ही विचारलं नव्हतं. उलट त्यांच्या वह्या किलोवर घातल्या.

त्या रद्दीवाल्याकडं आम्ही जाऊन आलो. त्यानं समजून घेतलं, पण दोन वर्षांमागची रद्दी, ती कागदाच्या कारखान्यात जाऊन परत कोरी होऊन आली असेल. मग आता आजींनाच विचारतोय. दर शनिवारी दुपारी, गटाची बैठक झाल्यावर, त्या बोलतात आणि आमची कॉलेजला जाणारी एक मुलगी फोनवर रेकॉर्ड करते. लोहगावच्या क्वार्टर्समधली सकाळ, ड्यूटीवरून आल्यावर कपड्यांना येणारा पेट्रोलचा वास, विमान परत यायला उशीर झाला की जेवायला न बसणाऱ्या शेजारणी. त्यातलं थोडं याच रेडिओवर पुढं ऐकवायचा विचार आहे. आपल्या भागात हवाई दलातून, नौदलातून आलेली म्हातारी माणसं असतील, किंवा त्यांच्या बायका असतील, तर आम्हाला सांगा. पेटी असेल तर उघडू नका, विकू नका, आम्ही येतो. या वेळी काटा आणणार नाही.

आणि हो, पेटीतली एक वस्तू भंगारात गेली नव्हती. तार पिळायची पक्कड. आजींनी ती तेव्हाच बाजूला काढून पदराखाली धरली होती, आम्हाला दिसली नाही. त्या तिनं गेली चाळीस वर्षं घरच्या तारा बांधतात. परसातलं कुंपण, तुळशीजवळचा दोरीचा खांब, मोडका पाळणा. आता लक्ष देऊन बघितलं तर त्यांच्या घरात जिथं जिथं तार आहे तिथं तिथं तीच घट्ट, एकसारखी वेणी आहे. त्यांचा नातू आयटीआयला जातो. त्यानं परवा ती पक्कड मागितली. आजी म्हणाल्या, "आधी हातानं पीळ घालून दाखीव. बघू कुठल्या बाजूला पडतोय." तीन वेळा उलटा पडला. चौथ्या वेळचा अजून त्यांनी सोडवून बघायचाय.